व्याधिक्षमत्व, 'इम्युनिटी' आणि माशांची साक्ष

औषधी दुकानाच्या फळीवर आज सहज दृष्टी टाकली, तरी अवलेह, काढा, सिरप, वटी, थेंब अशा बहुतेक प्रत्येक कल्पाच्या वेष्टनावर 'रोगप्रतिकारशक्ती वाढविणारे' किंवा 'इम्युनिटी बूस्टर' हे शब्द ठळक छापलेले दिसतात. सन २०२० च्या मार्च महिन्यात कोविडच्या पार्श्वभूमीवर आयुष मंत्रालयाने च्यवनप्राश, हळदीचे दूध, तुळस, दालचिनी, सुंठ व मिरी यांचा काढा इत्यादींची शिफारस केली. त्या शिफारशीमागील हेतू चांगला होता आणि भाषाही तुलनेने संयमित होती. परंतु त्यानंतर बाजाराने जी भाषा उचलली, ती आजतागायत खाली ठेवलेली नाही. कोणती शक्ती, कशाविरुद्धची, किती वाढवावयाची आणि गरज संपल्यावर ती आवरावयाची कशी, हे प्रश्न ना वेष्टनावर असतात, ना चिकित्सालयात येणाऱ्या प्रतिनिधीच्या तोंडी.

प्रस्तुत लेखकाचे मत असे की, 'वाढविणे' हा दावा ज्या स्वरूपात आज छापला जातो, त्याला ना आपल्या संहितांचा आधार आहे, ना प्राणिशास्त्राचा. संहितांविषयी आपण या नियतकालिकातून वारंवार बोलतो, प्राणिशास्त्राविषयी क्वचितच. म्हणून येथे वाट थोडी वाकडी करून, प्राणिमात्राच्या शरीरात ही शक्ती आली कोठून आणि ती कशी घडत गेली, हे सुज्ञ वाचकांसमोर मांडावयाचे आहे.

आरंभ समुद्रतारकेपासून करणे योग्य. सन १८८२ मध्ये इटलीतील मेसिना येथे इल्या मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने समुद्रतारकेच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचा काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी त्या काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला त्याला दिसला. परक्या वस्तूला घेरून गिळणाऱ्या या भक्षकपेशी सर्व प्राणिजगतात कोणत्या ना कोणत्या रूपात आहेत. १९०८ साली मेचनिकॉफला नोबेल पारितोषिक मिळाले, आणि ते पॉल एर्लिख यांच्यासमवेत विभागून. एर्लिख हे रक्तातील प्रतिपिंडांचे पुरस्कर्ते, म्हणजे मेचनिकॉफच्या विरोधी गोटातील. पेशी श्रेष्ठ की रक्तद्रव श्रेष्ठ, असा तो वाद होता; पारितोषिक समितीने दोघांनाही बसविले आणि पुढील शंभर वर्षांनी दोघेही बरोबर होते हे सिद्ध झाले. भक्षकपेशी व त्यांचे साहाय्यक घटक यांना उपजत प्रतिक्षमता म्हणतात. माशी, गांडूळ, शिंपले, खेकडे यांचा सारा संसार हिच्यावरच चालतो. मेचनिकॉफनंतर शतकाने, १९९६ मध्ये, फळमाशीतील 'टोल' नावाचा घटक बुरशीपासून तिचे रक्षण करतो असे झूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेने दाखविले. त्याच कुळातील ग्राहक घटक आपल्याही पेशींवर आहेत.

दुसरी आहे ती अर्जित प्रतिक्षमता. तिची दोन लक्षणे आहेत: विशिष्टता आणि स्मरण. अमुकच जंतूला ओळखावयाचे, आणि एकदा गाठ पडली की पुढील गाठीसाठी लक्षात ठेवावयाचे. आपल्या ग्रामीण व्यवसायबंधूंना विशिष्टतेचे उदाहरण नित्य परिचयाचे आहे. घोड्याला अल्प मात्रेत सर्पविष टोचून त्याच्या रक्तातून 'अँटी स्नेक व्हेनम' तयार करतात. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सर्पांच्या विषाविरुद्ध सिद्ध केलेले ते द्रव्य कोकणातील हिरव्या चापड्याच्या दंशावर भरवशाचे नाही. विष तेही सर्पाचेच. पण घोड्याच्या शरीराने ज्याची ओळख करून घेतली नाही, त्याच्यावर त्याचे प्रतिपिंड चालत नाही.

येथे एक मोठे कोडे उभे राहते. मनुष्याच्या शरीरात प्रथिने घडविणारी जनुके सुमारे वीस हजार. ओळखावयाच्या परक्या वस्तू मात्र अगणित, त्यातही कित्येक अद्याप निसर्गात जन्मालाही न आलेल्या. प्रत्येकासाठी एक स्वतंत्र जनुक ठेवणे शक्यच नाही. याचा उलगडा १९७६ मध्ये सुसुमु टोनेगावा यांनी केला व त्यासाठी १९८७ चे नोबेल त्यांना मिळाले. प्रतिपिंडाचे जनुक अखंड नसते. त्याचे तुकडे असतात. जड साखळीचेच पाहा: 'व्ही' नावाचे चाळिसाच्या आसपास, 'डी' नावाचे वीस-पंचवीस आणि 'जे' नावाचे सहा. प्रत्येक लसिकापेशी आपल्या वाढीत यांतून एकेक तुकडा निवडते, मधला भाग कापून टाकते व उरलेले सांधते. नुसत्या गुणाकाराने पाच हजारांच्या आसपास जोड्या होतात. त्यात हलक्या साखळीचे भेद आणि सांध्यावर होणारी अनियमित भर-घट मिळविली, की संख्या कोटींच्याही पलीकडे जाते. म्हणजे शरीर एकेका शत्रूसाठी किल्ली घडवीत नाही. ते डोळे मिटून असंख्य किल्ल्या घडविते आणि ज्या कुलपाला जी लागेल तिचीच पुढे लक्षावधी नक्कल करते.

ही कापाकापी करणारी अवजारे म्हणजे 'रॅग-१' व 'रॅग-२' ही दोन जनुके. डेव्हिड शॅट्झ, मार्जरी ओटिंगर व डेव्हिड बाल्टिमोर यांनी ती १९८९-९० मध्ये शोधून काढली. त्यांची वंशकथा मोठी विलक्षण आहे. जीवसृष्टीच्या जनुकसंचात काही 'उड्या मारणारे' तुकडे असतात. एका जागेवरून स्वतःला कापून दुसरीकडे चिकटवून घेणे एवढाच त्यांचा उद्योग. 'रॅग' ही जनुके अशाच एका उपटसुंभ तुकड्याची वंशज असावीत, असा संशय टोनेगावांच्या काळापासून होता. १९९८ मध्ये दोन स्वतंत्र प्रयोगशाळांनी परीक्षानळीत 'रॅग' प्रथिनांकडून तशी उडी मारवून दाखविली. २०१६ मध्ये चिनी संशोधकांना अँफिऑक्सस या वाळूत राहणाऱ्या, कणा नसलेल्या लहानशा सागरी जीवात तो मूळ उडता तुकडा अद्याप नांदता सापडला. त्याचे नाव त्यांनी 'प्रोटोरॅग' ठेवले. ज्या घुसखोराने आपल्या पूर्वजांच्या जनुकसंचात घर केले, त्याच्याच सुरीने पुढील पिढ्या घुसखोरांचा प्रतिकार करू लागल्या. विषाचे औषध करण्याची कल्पना आपणांस नवी नाही. वत्सनाभाचे शोधन आपण शिकलो आहोत. पण निसर्गाने तो संस्कार ५० कोटी वर्षांपूर्वी केला.

'रॅग', प्रतिपिंडे, थायमस ग्रंथी हा सारा संच जबडा असलेल्या सर्व पृष्ठवंशीय प्राण्यांत आहे. त्यांतील फार जुनी शाखा म्हणजे शार्क. मुंबईच्या बाजारात मुशी आणि दक्षिण कोकण-गोव्यात मोरी म्हणून जो मासा बाळंतिणीला आवर्जून देतात, त्याच्याही रक्तात प्रतिपिंडे आहेत. त्याहून जुनी, जबडा नसलेली शाखा म्हणजे लँप्री व हॅगफिश. त्यांच्यात 'रॅग' नाही, आपल्यासारखे प्रतिपिंड नाही. तरीही लँप्रीला परके द्रव्य टोचले तर ती त्याविरुद्ध विशिष्ट प्रतिसाद देते, हे १९६० च्या दशकातच दिसले होते. कसे ते चाळीस वर्षे कोणाला सांगता आले नाही. २००४ मध्ये झीव्ह पॅन्सर, मॅक्स कूपर व सहकाऱ्यांनी ते रहस्य फोडले. लँप्रीचे ग्राहक घटक सर्वस्वी निराळ्या प्रथिनांचे असतात. अपुऱ्या जनुकात शेजारच्या शेकडो तुकड्यांतून नक्कल करून भर घातली जाते आणि प्रत्येक पेशीचा ग्राहक वेगळा होतो. अवजार निराळे, द्रव्य निराळे, परंतु युक्ती तीच. दोन वैद्य परस्परांस न भेटता एकाच निदानास पोहोचले, तर त्या निदानावरील आपला विश्वास दृढ होतो. येथे प्राण्यांच्या दोन घराण्यांबाबत तेच झाले. अधिक आश्चर्य पुढेच आहे. लँप्रीतही लसिकापेशींचे दोन वर्ग आहेत. एक आपल्या 'टी' पेशींसारखा, दुसरा 'बी' पेशींसारखा. २०११ मध्ये तिच्या कल्ल्यांच्या टोकाशी थायमससदृश ऊतीही आढळल्या. म्हणजे श्रमविभाग आधीचा, हत्यारे मागाहूनची.

हा 'टी' व 'बी' भेद प्रथम कळला तो कोंबडीमुळे. पक्ष्यांच्या गुदमार्गालगत एक लहानशी पिशवी असते. पादुआचे शरीररचनाशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी ती वर्णिली म्हणून तिला 'फॅब्रिशियसचा बर्सा' म्हणतात. तिचे कार्य साडेतीनशे वर्षे कोणास ठाऊक नव्हते. ओहायोत ब्रूस ग्लिक या विद्यार्थ्याने पिल्लांतून ती काढून टाकली होती. त्यांतील काही कोंबड्या सहाध्यायाने प्रतिपिंडांच्या प्रात्यक्षिकासाठी मागून नेल्या आणि त्यांच्यात प्रतिपिंडे तयारच झाली नाहीत. हा निबंध मोठ्या नियतकालिकाने परत पाठविला. १९५६ मध्ये तो कुक्कुटपालनाच्या एका नियतकालिकात छापून आला आणि बरीच वर्षे वैद्यकीय संशोधकांच्या दृष्टीस पडला नाही. (लहान नियतकालिकांतून लिहिणाऱ्या आपणांसारख्यांनी हे लक्षात ठेवण्याजोगे.) १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी नवजात उंदरांतून थायमस काढून तिचे महत्त्व दाखविले आणि १९६५ मध्ये मॅक्स कूपर व सहकाऱ्यांनी पिल्लांवर प्रयोग करून दोन्ही धागे जुळविले: थायमसच्या पेशी एक काम करतात, बर्साच्या दुसरे. 'बी' पेशीतील 'बी' हा त्या बर्साचाच.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. डोळे मिटून असंख्य किल्ल्या घडविणारे शरीर स्वतःच्या घराच्याही किल्ल्या घडविणारच. यदृच्छेने बनलेल्या पेशींत स्वशरीरावरच उठणाऱ्या पेशी अपरिहार्य आहेत. अर्जित प्रतिक्षमतेची किंमत हीच. म्हणून थायमसमध्ये शिकण्यास येणाऱ्या पेशींपैकी शंभरातील पंच्याण्णवांहून अधिक तेथेच मरतात; काही निरुपयोगी म्हणून, काही घातक म्हणून. त्यातूनही निसटून बाहेर पडणाऱ्यांवर वचक ठेवण्यासाठी नियामक 'टी' पेशींचा वेगळा वर्ग आहे. जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये तो दाखविला. मेरी ब्रन्को व फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये त्याच्याशी निगडित 'फॉक्सपी-३' हे जनुक शोधले. त्याच्या बिघाडाने बालकांत जन्मापासून स्वशरीरघाती विकार जडतात. २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले. ते शत्रूला मारणाऱ्या यंत्रणेसाठी नव्हे, मारण्यापासून परावृत्त करणाऱ्या यंत्रणेसाठी दिले गेले.

ज्या यंत्रणेचा मोठा भाग स्वतःला आवरण्यातच खर्ची पडतो, ती 'वाढविणे' म्हणजे काय? आमवात, एककुष्ठ, काही प्रकारची कामला, बालकांतील प्रमेहाचा एक प्रकार यांत प्रतिक्षमता कमी नसते. ती आपल्याच धातूंवर चालून आलेली असते. अशा रुग्णाने दुकानातून 'बूस्टर' नेले आणि त्यावरील शब्द खरा ठरला, तर त्याचे हित होईल की अहित?

निसर्गानेही 'जास्त तेवढे चांगले' हे सूत्र मान्य केलेले नाही. उत्तर अटलांटिकातील कॉड माशाचा जनुकसंच २०११ मध्ये नॉर्वेच्या संशोधकांनी वाचला, तेव्हा अर्जित प्रतिक्षमतेतील एक संपूर्ण दालनच त्यात नसल्याचे आढळले. साहाय्यक 'टी' पेशींना वर्दी देणारी यंत्रणा या माशाने पूर्वी केव्हातरी टाकून दिली. तरी तो समुद्रात सुखाने नांदतो, कारण उरलेल्या दालनांचा त्याने भरपूर विस्तार केला आहे. खोल समुद्रातील अँगलर मासा तर याही पुढे गेला. त्याच्या काही जातींत इवलासा नर मादीच्या अंगाला चावा घेऊन कायमचा चिकटतो. दोघांचे ऊतक एकजीव होते, रक्ताभिसरण एक होते. अन्य पृष्ठवंशीय प्राण्यांत असे परके ऊतक काही दिवसांतच झिडकारले जाते. जर्मनीतील थॉमस बोम यांच्या गटाने २०२० मध्ये दाखविले की, या जातींनी अर्जित प्रतिक्षमतेची महत्त्वाची जनुके गमावली आहेत. जेथे एका मादीस अनेक नर जडतात, तेथे खुद्द 'रॅग'ही शिल्लक नाही. संततीसाठी त्यांनी ती शक्ती सोडली आणि जंतूंनी भरलेल्या समुद्रात ते आजही टिकून आहेत.

आता आपल्या परिसंवादांतून हमखास दाखविल्या जाणाऱ्या एका तक्त्याविषयी. सहज बल म्हणजे उपजत प्रतिक्षमता, युक्तिकृत बल म्हणजे अर्जित प्रतिक्षमता, आणि कालज बल मधे कोठेतरी, असे समीकरण पदव्युत्तर विद्यार्थीही पाठ म्हणतात. ते टिकणारे नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात बलाचे तीन प्रकार सांगितले ते बलाच्या उगमावरून: जन्मतः लाभलेले, ऋतू व वय यांनी येणारे, आणि आहार-विहार व योजनेने मिळविलेले. आधुनिकांचा भेद उगमावरून नाही, कार्यपद्धतीवरून आहे. जनुके कापून नवे ग्राहक घडविण्याचे 'रॅग' हे अवजार मातापित्यांकडूनच येते. मग अर्जित प्रतिक्षमतेचे मूळ सहज बलात धरावे लागेल. उलट भक्षकपेशींचे काम आहार, निद्रा, वय यांनी बदलते. मग उपजत प्रतिक्षमतेला युक्तिकृत म्हणावे काय? कालज बलाचे उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. थायमसला आपल्या मराठी पाठ्यग्रंथांत यौवनलोपी ग्रंथी असे सुंदर नाव आहे. बाल्यात भरात असलेली ही ग्रंथी यौवनानंतर मेदाने भरून आकसत जाते. वयानुसार बल बदलते ते असे. तीनही बले दोन्ही यंत्रणांत मिसळलेली आहेत. ओढूनताणून जुळणी केली की दोन्ही शास्त्रांचे नुकसान होते आणि समोर बसलेला एखादा जाणकार मनातल्या मनात हसतो.

शिवाय व्याधिक्षमत्व ही संकल्पना 'इम्युनिटी'हून पुष्कळ व्यापक आहे. चक्रपाणींनी तिची दोन अंगे सांगितली: व्याधीच्या बलाला विरोध आणि व्याधी उत्पन्नच होऊ न देणे. तेथे व्याधी म्हणजे केवळ जंतुजन्य रोग नव्हेत. अठ्ठाविसाव्या अध्यायात चरकांनी व्याधी सहन न करू शकणाऱ्या शरीरांची जी यादी दिली आहे, तिच्यात अतिकृशाबरोबर अतिस्थूलही आहे. अल्पाहारी आहे तसा असात्म्य आहारावर पोसलेलाही आहे. आणि अल्पसत्त्व, म्हणजे मनाने दुबळा, तोही आहे. ही यादी साम्याची आहे, वाढीची नाही. 'क्षम्' या धातूचा अर्थच मुळी सहन करणे. साकागुचींच्या पेशींना नोबेल मिळाले ते याच गुणासाठी, असे म्हणण्याचा मोह होतो. पण आमच्या ग्रंथांत हे सारे आधीच होते, असा दावा मी करणार नाही. चरकांना नियामक पेशी ठाऊक नव्हत्या. त्यांना रुग्ण ठाऊक होते, आणि त्यांनी शब्द विचारपूर्वक योजला. तेवढे पुरेसे आहे.

गुडूचीचा विषय निघाल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशी-नव्वदच्या दशकांत या वनस्पतीवर जे काम केले, ते आजही आदर्श म्हणावे असे आहे. मार्गावरोधजन्य कामलेत शस्त्रकर्मापूर्वी रुग्णांच्या भक्षकपेशी मंदावतात आणि जंतुसंसर्गाने मृत्यू ओढवतात. अशा रुग्णांना शस्त्रकर्मापूर्वी गुडूची दिल्याने फायदा झाल्याचे त्यांच्या गटाने १९९३ मध्ये प्रसिद्ध केले. रुग्णसंख्या लहान होती, परंतु प्रश्न नेमका होता: कोणता रुग्ण, कोणती पेशी, किती काळ. आणि लक्षात घ्या, तो परिणाम मेचनिकॉफच्या भक्षकपेशींवरचा होता. प्रतिपिंडे घडविणाऱ्या यंत्रणेवरचा नव्हता.

त्याच गुडूचीचे पुढे काय झाले? २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी कोविडकाळात गुळवेल घेतल्यानंतर यकृतविकार झालेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतील काहींना स्वशरीरघाती विकारांची पार्श्वभूमी होती. २०२२ मध्ये देशातील १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची माहिती एकत्र आली. आयुष मंत्रालयाने पहिला निबंध दिशाभूल करणारा ठरविला आणि पुढे 'टिनोस्पोरा क्रिस्पा' या सदृश वनस्पतीशी गल्लत होत असल्याचा इशारा दिला. आपल्या संघटनांतून तेव्हा निषेधाचे ठराव झाले, ते मी ऐकले आहेत. मला निषेध पटला नाही. भेसळीची शक्यता खरी आहे, म्हणून कच्च्या मालाची ओळख पटविणे हे औषधनिर्मात्याचे कर्तव्य ठरते. परंतु भेसळ नसतानाही, प्रतिक्षमतेला चेतविणारे द्रव्य ती आधीच भडकलेल्या देहात महिनोन्महिने, मात्रेविना, अनुपानाविना, वैद्याविना गेले तर काय होईल, हा प्रश्न शिल्लक राहतोच. द्रव्याचा दोष म्हणून नव्हे, योजनेचा दोष म्हणून. रसायन देण्यापूर्वी शोधन, अग्नीचा विचार, वयाचा विचार सांगणारे आपले शास्त्र. मळक्या वस्त्राला रंग चढत नाही हे आपणच रुग्णाला सांगतो. मग तेच रसायन कुपीत भरून सरसकट सर्वांना विकताना ते शास्त्र कोठे जाते?

आता लसीकरण. या विषयावर आपल्यापैकी काहीजण खाजगीत जे बोलतात, त्याविषयी उघड लिहिणे मला आवश्यक वाटते. 'बालकाला नियमित सुवर्णप्राशन आहे, मग लस कशाला?' हे वाक्य मी पालकांच्या तोंडून ऐकले आहे आणि ते त्यांना एका वैद्यानेच सांगितलेले होते. काश्यपसंहितेतील लेहनाचा अध्याय आपण सर्वांनी वाचला आहे. मेधा, अग्नी व बल यांच्या वृद्धीसाठी तो सांगितला आहे. त्याने बालकाची भूक, झोप, पचन सुधारत असेल, वारंवार होणारे प्रतिश्याय कमी होत असतील. तो अनुभव मी नाकारीत नाही. पण गोवराच्या विषाणूची ओळख सुवर्णाने पटत नाही. ती ओळख त्या विषाणूच्या, वा त्याच्या दुर्बल केलेल्या रूपाच्या, भेटीनेच होते, कारण अर्जित प्रतिक्षमतेची घडणच तशी आहे. चापड्याच्या विषाचे उदाहरण पुन्हा आठवावे.

गाय व्यायली की शेतकरी वासराला पहिल्या काही तासांतच चीक पाजतो. गाईची वार प्रतिपिंडे गर्भाकडे जाऊ देत नाही. वासरू त्या बाबतीत रिकाम्या हाताने जन्मते, आणि त्याचे आतडे ती चिकातून शोषून घेऊ शकते ते जेमतेम पहिला दिवसभर. खरवसाच्या लोभाने वासराचा चीक तोडला तर वासरू दगावते, हे खेड्यात सांगावे लागत नाही. मानवी बालकाला मातेची प्रतिपिंडे वारेतूनच मिळतात. पण ती उसनी असतात, काही महिन्यांत सरतात. गोवर-रुबेलाच्या लसीचा पहिला डोस नवव्या महिन्यानंतर ठेवण्याचे कारण हेच की, तोवर मातेचे उसने धन लसीला काम करू देत नाही. म्हणजे नववा महिना ही काही सरकारी कारकुनाने ठरविलेली तारीख नव्हे. कालज बलाचाच तो विचार आहे. त्या सुमारास बालक सर्वांत उघडे असते, आणि नेमके तेव्हाच कोणी पालकांना 'थांबा' म्हणून सांगावे, याला मी चिकित्सा म्हणणार नाही.

गोवर हा साधा पुरळ-ज्वर नाही. २०१९ मध्ये नेदरलँड्समधील ७७ लस न घेतलेल्या बालकांच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गोवरानंतर त्यांच्यातील अन्य रोगांविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या भांडारापैकी ११ ते ७३ टक्के नाहीसे झाले होते. गोवर स्मरणपेशीच नष्ट करतो. वर्षानुवर्षांची शिकवणी पुसली जाते. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी व आसपासच्या वस्त्यांत गोवराची साथ आली आणि बालके दगावली, हे आपण वृत्तपत्रांत वाचलेच आहे. १८९७ च्या जानेवारीत याच शहरात वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. त्या शहरातील वैद्यांनी लसीविषयी संदिग्ध बोलावे, हे शोभत नाही.

तर मग आपल्या द्रव्यांना या क्षेत्रात स्थान नाही काय? आहे, आणि माझ्या मते ते अधिक मनोरम ठिकाणी आहे. भक्षकपेशींना स्मरण नसते असे आम्ही महाविद्यालयात शिकलो. २०११ नंतर मिहाई नेटिया व अन्य संशोधकांनी दाखविले की, त्यांनाही एक स्थूल स्वरूपाचे वळण लागते. बीसीजी दिल्यानंतर या पेशी क्षयाखेरीज अन्य जंतूंनाही काही महिने अधिक जोमाने उत्तर देतात. जनुके तीच राहतात, त्यांची उघडझाप बदलते. अविशिष्ट, पोषणाशी व चयापचयाशी निगडित आणि काळाने ओसरणारे असे हे वळण आहे. रसायनाच्या परिणामाचा शोध घ्यावयाचा असेल तर तो येथे घ्यावा, असे मला वाटते. आमलकी, गुडूची, पिप्पली यांच्या योग्य मात्रांनी हे वळण लागते काय, किती टिकते, कोणत्या प्रकृतीत लागते आणि कोणाला ते बाधक ठरते? आपल्या पदव्युत्तर प्रबंधांत 'इम्युनोमॉड्युलेटरी' हा शब्द शीर्षकात असतो आणि आत केवळ श्वेतपेशींची गणना असते. त्याऐवजी एका नेमक्या प्रश्नावर दोन महाविद्यालयांनी एकत्र काम केले तर ते केईएमच्या परंपरेला साजेसे होईल.

फार्मसीचालक बंधूंना वेष्टनाविषयी दोन शब्द. 'बूस्टर' काढल्याने विक्री घटेल, ही भीती मला अनेकांनी बोलून दाखविली आहे, आणि ती अवास्तव आहे असे मी म्हणणार नाही. पण च्यवनप्राश हा शब्द कोणत्याही इंग्रजी विशेषणावाचून शतकानुशतके चालला. 'रसायन', 'बल्य', 'अग्निदीपन' हे शब्द छापण्यास कोणाची हरकत नाही, आणि त्यांचा अर्थ सांगण्यास वैद्य आहे. त्यांखाली एक ओळ अवश्य असावी: संधी, त्वचा वा यकृत यांचे स्वशरीरघाती विकार असलेल्यांनी, अवयवरोपण झालेल्यांनी व प्रतिक्षमता दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी वैद्याच्या सल्ल्यावाचून घेऊ नये. ही ओळ छापण्यास किती शाई लागते?

आणि आपण वैद्यांनी केसपेपरवर आजच दोन रकाने वाढवावेत. प्रौढाच्या कागदावर मेथोट्रेक्सेट, स्टेरॉइड इत्यादी औषधे चालू आहेत काय याचा, आणि बालकाच्या कागदावर लसीकरण कोठवर आले याचा. सुवर्णप्राशनाच्या दिवशी पुष्य नक्षत्राला शंभर-दीडशे बालके रांगेत उभी असतात. त्यांच्यातील कोणाचा गोवराचा डोस राहिला आहे हे शोधण्यास याहून चांगली संधी प्राथमिक आरोग्य केंद्रालाही मिळत नाही. माझ्या चिकित्सालयात गेली काही वर्षे आम्ही सुवर्णप्राशनाच्या कार्डाच्या मागील बाजूस हा रकाना छापला आहे. ज्यांना नमुना हवा असेल त्यांनी संपादकांमार्फत कळवावे.